टाकी आवरताना

न्यू जर्सीतल्या बेसमेंटमधली १२० गॅलनची खाऱ्या पाण्याची टाकी मोडून २० गॅलनवर आलोय. विकायला काढाल तर आधी प्रवाळ, मग मासे, दिवे-पंप शेवटी. ते आधी विकलेत तर मागे राहिलेले जीव हकनाक मरतात. जुनी वाळू कुणाला फुकटही देऊ नका. तळ ढवळला की सडक्या अंड्यांचा वास सुटतो ना, तो हायड्रोजन सल्फाइड, माशांचा काळ! प्रवाळांच्या नात्यातल्या काही झोअँथिडांत पॅलिटॉक्सिन हे जालीम विष असतं. कापताना हातमोजे, चष्मा हवाच, आणि झोअँथिड चिकटलेला दगड कधीही उकळू नका. वाफेनेही माणसं दवाखान्यात पोचलीत. भारतातल्या मंडळींनो, तिथे दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्या फंदात पडूच नका. आमची क्लाउनफिशची जोडी मात्र विकायची नाही, बायकोने बजावलंय.