काळी, पांढरी आणि भिंतीतील ओल

जुन्या मराठी कागदपत्रांत गावच्या भूमीचे दोन भाग कल्पिलेले आढळतात. पिकाची जमीन ती ‘काळी’ आणि वस्तीची जागा ती ‘पांढरी’. पुढे ‘पांढरी’ या शब्दास खुद्द गावकऱ्यांचा समुदाय असाही अर्थ प्राप्त झाला. नांदेड व लातूर या जिल्ह्यांत हा भेद केवळ महसुली राहत नाही. जमिनीखाली गेलेल्या भिंतीस ओल का येते, याचे निम्मे उत्तर त्यात सामावलेले आहे.

काळ्या मातीतील चिकण द्रव्य पाणी शोषून फुगते व वाळले की आकसते. वैशाखात तिला पडलेल्या भेगांत हात सहज जातो. मृगाचे पाणी या भेगांतून थेट खाली उतरते; मग माती फुगून भेगा मिटतात आणि उतरलेले पाणी आत कोंडले जाते. अशा मातीत तळघराची भिंत असेल तर पावसाळाभर तिच्या पाठीशी भिजलेला लगदाच टेकलेला असतो, आणि तो तिला आत रेटतही असतो. पांढरीची माती अशी फुगत नाही. शिवाय पिढ्यान्‌पिढ्यांच्या वस्तीमुळे ती शिवारापेक्षा उंचावलेली असते. ज्वारीची पेवे बहुधा पांढरीतच खणली जात, हे उगीच नव्हे. आता ही दोन्ही शहरे शिवारात पसरली आहेत आणि तळघरे काळीत खणली जात आहेत.

भाषेने केलेला आणखी एक भेद येथे उपयोगी पडतो. ‘ओल’ हा शब्द प्राकृतातून आलेला. हेमचंद्राने ‘आर्द्र’ची उल्ल, ओल्ल अशी रूपे नोंदविली आहेत. ‘सर्द’ हा फारसी, मूळ अर्थ थंड. मराठीत तो दमट या अर्थी रुळला. ओल जमिनीची आणि सर्दपणा हवेचा, हा बोलण्यातील सूक्ष्म फरक पदार्थविज्ञानासही मान्य होण्याजोगा आहे. मातीतून पाझरलेले पाणी निराळे आणि दमट हवा थंड भिंतीस लागून सुटणारा घाम निराळा. परीक्षा सोपी आहे. काचेचा तुकडा कडा बंद करून भिंतीस दोन दिवस चिकटवावा. त्याच्या मागील अंगास पाणी दिसल्यास ती ओल. पुढील अंगास दिसल्यास सर्दपणा. सर्दपणास वारा हवा, परंतु तो कोरड्या दिवसांचा. श्रावणात झरोके उघडे ठेवल्याने तो वाढतोच.

ओलीबरोबर मातीतील क्षारही भिंतीत येतात. पृष्ठभागी पाणी उडून जाते, क्षारांचे स्फटिक गिलाव्याच्या छिद्रांत वाढतात व पोपडे सुटतात. हाच ‘लोणा’, शब्दात लवण उघडच आहे. त्यावर आतून सिमेंटचा गिलावा करणे हा सर्वांत प्रचलित आणि बहुधा सर्वांत निरुपयोगी उपाय होय. कोंडलेली ओल त्याच्या वरच्या कडेस, पूर्वीपेक्षा उंचावर, प्रकट होते. चुन्याचा गिलावा निदान तिला बाहेर पडू देतो. खरा उपाय भिंतीच्या बाहेरच करावा लागतो: पागोळ्यांचे पाणी दूर न्यावे, जमिनीस घराबाहेरच्या दिशेने उतार द्यावा, भिंतीलगतची काळी माती काढून चरात खडी व मुरूम भरावा आणि चराचे पाणी सखल जागी काढून द्यावे. पाण्यास वाट न ठेवलेला चर म्हणजे हौदच.

जुन्या घरांच्या बाबतीत हा प्रश्न पोपड्यांपुरता नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात हजारो माणसे दगावली, ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील माळवदाचे ओझे कोसळून. अशा भिंतीचे दोन थर आरपार दगडांनी बांधलेले नसले, तर ते एकमेकांपासून सुटतात; ओलीने भिजलेली दर्जांतील माती त्यांना धरून ठेवण्यास आणखीच असमर्थ ठरते. म्हणून अशा भिंतीस आधी पोट आले आहे काय, हे पाहावे. चर पावसाळ्यापूर्वी खणावा, पायाच्या तळाखाली नेऊ नये आणि संपूर्ण लांबीत एकाच वेळी मोकळा करू नये. चार-पाच फूट खणून, भरून, मगच पुढे सरकावे.