अंगाई आणि हाताचा स्पर्श

मुलाला भाषा प्रथम कोठून मिळते, या प्रश्नाचे उत्तर आपण शिक्षकमंडळी बहुधा शब्दांपासून शोधू लागतो. परंतु पहिल्या शब्दाच्या कितीतरी आधी मुलाशी एक संभाषण सुरू झालेले असते, आणि ते हाताने व सुराने चालते. पांढुर्णा व सौंसर या भागात त्याचा विचार विशेष अगत्याचा आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्ह्यातील हे दोन तालुके मध्यप्रदेशात राहिले. २०२३ साली त्यांचाच पांढुर्णा जिल्हा झाला. येथील पुष्कळ मुलांची घरची भाषा मराठी आणि पाटीवरची हिंदी. अशा मुलाला मराठी जी मिळते, ती मुख्यतः मांडीवर आणि पाळण्यात.

बाळाला न्हाऊ घालण्याचा प्रसंग पाहावा. आजी पाटावर बसून पाय लांब सोडते आणि बाळाला नडग्यांवर घेते. कोमट तेलाचा हात छातीवरून खांद्यांकडे, पाठीवरून खाली, मग एकेका पायावरून फिरतो. हात चालू असता तोंडही चालू असते. कधी गाणे, कधी निरर्थक लाडाचे बोल. बाळ रडू लागले की सूर चढत नाही, उलट उतरतो, आणि हातही संथ होतो. हे तिला कोणी शिकविलेले नसते.

यामागील कारण शास्त्राला अलीकडे उलगडू लागले आहे. केसाळ त्वचेत काही मज्जातंतू असे आहेत की, सेकंदाला सुमारे १ ते १० सेंटिमीटर या गतीने हात फिरला तरच ते उत्तम प्रतिसाद देतात; घाईच्या किंवा फार मंद स्पर्शाला ते तितके जागत नाहीत. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हा स्पर्श सर्वांत सुखद वाटतो असेही आढळले. गाण्याची लय हाताला त्या गतीत बांधून ठेवीत असावी, असे आम्हांस वाटते. अमेरिकेत टिफनी फील्ड यांनी १९८६ साली अकाली जन्मलेल्या बालकांवर प्रयोग केला. दिवसातून तीनदा १५ मिनिटे, असे १० दिवस अंग चोळलेल्या बालकांचे वजन, दूध तेवढेच असूनही, इतरांपेक्षा रोज ४७ टक्के अधिक वाढले.

सुराची गोष्ट याहून नवलाची. बाळ गर्भात असतानाच आईचा आवाज ऐकू लागते, आणि जन्मल्यावर परक्या स्त्रीच्या आवाजापेक्षा तोच त्याला हवा असतो, हे डीकॅस्पर व फायफर यांनी १९८० साली दाखविले. २००९ साली जर्मनीतील संशोधकांना असे आढळले की, फ्रेंच नवजात बालकांच्या रडण्याचा सूर बहुधा चढता आणि जर्मन बालकांचा उतरता असतो. म्हणजे त्या त्या भाषेच्या वळणाचा. मातृभाषेचा ठसा अर्थाच्या आधी चालीने उमटतो तो असा. बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, तेव्हा त्या कानाची ओळख आधीच झालेली असते!

येथे शिक्षकांशी थोडे बोलावयाचे आहे. या भागातील बोलीत ‘पाळणा’ हा ‘पायना’ होतो आणि ‘डोळा’ हा ‘डोया’. ‘ळ’चा ‘य’ होणे ही वऱ्हाडी-नागपुरी बोलीची ओळखीची खूण आहे. वर्गात आपण ती चूक म्हणून खोडतो. प्रमाण लेखन शिकवावयास हवेच. परंतु ज्या उच्चारासह तेलाचा हात अंगावर फिरला, तो उच्चार हास्यास्पद ठरला म्हणजे मुलाचा संकोच केवळ एका अक्षरापुरता राहत नाही.

जुने ते सर्व सोने, असे मात्र नव्हे. कानानाकात तेल सोडणे, डोके दाबून आकार देणे, बाळ किंचाळत असता हातपाय ताणणे आणि कोंडलेल्या खोलीत धुरी देणे या गोष्टी अपायकारकच आहेत. नवजात बालकाची पहिली आंघोळ २४ तास पुढे ढकलावी, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. कमी वजनाच्या बालकास तर चोळण्याहून उघड्या छातीशी धरणे हितकर. १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे सुरू झालेली ही पद्धत आता आपल्याकडील रुग्णालयांतही रूढ आहे. संत्र्याच्या बागेत झाडाला लुगड्याची झोळी बांधून राबणाऱ्या आईला घटकाभराची फुरसतही कठीण; पण छातीशी धरलेले मूल आणि गुणगुणणे यांना वेगळी सामग्री लागत नाही, सवड मात्र लागते, आणि ती घरातल्या इतरांनी तिला द्यावयाची असते. बापाचा आवाज भसाडा असला तरी बाळाची तक्रार नसते.

आता झोळीशेजारी मोबाइल ठेवून गाणे लावण्याची रीत सुरू झाली आहे. त्यातील गाणे बहुधा हिंदी असते, याचे आम्हांस फारसे दुःख नाही. बाळ हुंकारले तरी ते गाणे थांबत नाही, ही खरी अडचण. आजी थांबते, हुंकार परत देते आणि मग पुढची ओळ घेते. म्हणून या भागातील अंगाया जमविणाऱ्यांनी वहीत केवळ शब्द उतरवून समाधान मानू नये. चाल ध्वनिमुद्रित करावी, आणि कोणत्या ओळीला हात कोठे होता, गाणारी कोठे थांबली, हेही तिला विचारून टिपून ठेवावे.