पेशीपटलातून होणारे पाण्याचे वहन

पेशीपटल मेदद्रव्यांच्या दुहेरी थराचे असते, ही कल्पना गॉर्टर व ग्रेंडेल यांनी १९२५ साली मांडली. या थराचा अंतर्भाग जलविरोधी असल्याने सोडियमसारख्या भारित आयनांना त्यातून जवळजवळ जाताच येत नाही. त्यांना प्रथिनांचे मार्ग अथवा ऊर्जा खर्चून चालणारे पंप लागतात. पाण्याचा रेणू मात्र लहान व भाररहित असतो. तो या थरातून मंदगतीने विसरण पावतो आणि तेवढ्याने पेशीची गरज भागते, असा समज दीर्घकाळ रूढ होता.

तांबड्या रक्तपेशींच्या बाबतीत हा समज अपुरा ठरला. त्यांच्या पटलातून पाणी फार वेगाने जाते आणि त्यास लागणारी सक्रियण ऊर्जा शुद्ध मेदथराच्या मानाने बरीच कमी असते. पाऱ्याच्या संयुगांनी हे वहन मंदावते, असे मेसी व फार्मर यांनी १९७० साली दाखविले. पारा प्रथिनांतील गंधकयुक्त गटांशी बद्ध होतो. तेव्हा हा मार्ग प्रथिनाचा असावा, असे अनुमान निघाले. परंतु ते प्रथिन कोणते?

ऱ्हीसस रक्तगटाच्या प्रथिनांचा अभ्यास करताना पीटर ॲगर व त्यांच्या सहकाऱ्यांना सुमारे २८ हजार डाल्टन रेणुभाराचे एक अपरिचित प्रथिन आढळले. त्याची कसोटी १९९२ साली झेनोपस बेडकाच्या अंडपेशींवर लागली. या पेशींची जलपार्यता अल्प असते. त्यांत सदर प्रथिनाचा आरएनए घालून त्या विरल द्रावणात ठेवल्या असता काही मिनिटांत फुगून फुटल्या. आरएनए न घातलेल्या पेशी टिकून राहिल्या. पाऱ्याने हे फुगणे रोखले गेले. जुन्या पुराव्याशी नव्या प्रथिनाची सांगड अशी जुळली. ॲक्वापोरिन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रथिनाच्या शोधाबद्दल ॲगर हे २००३ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले.

या मार्गातून सेकंदास सुमारे ३ अब्ज रेणू एकापाठोपाठ एक जातात. प्रोटॉन मात्र अडविले जातात. ही निवड महत्त्वाची आहे, कारण तंतुकणिकांच्या आंतरपटलासारख्या पटलांवर प्रोटॉनांच्या प्रमाणातील भेद हीच ऊर्जेची ठेव असते.

ॲक्वापोरिन पाण्यास ढकलत नाही; वहनाची दिशा तर्षणानेच ठरते. तथापि मार्गांची संख्या शरीराच्या नियंत्रणाखाली असते. मूत्रपिंडांत रोज सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो व त्यांपैकी बहुतेक परत शोषला जातो. व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकामुळे संकलक नलिकांच्या पेशींतील ॲक्वापोरिन-२ पटलावर येऊन बसते व मूत्र संहत होते. या प्रथिनात जन्मजात दोष असल्यास रुग्णास अनेक लिटर पातळ मूत्र होते आणि पाणी वेळेवर न मिळाल्यास त्याचा जीव धोक्यात येतो.