छप्पर जुने, पण खुर्ची कोणाची?

मनमाडला १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मण्य आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, असे बाबासाहेबांनी तिथे बजावले. हे आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ आहे. पण त्याच भाषणातला दुसरा तपशील फारसा कोणी सांगत नाही. अस्पृश्याला गँगमन म्हणून रुळांवर राबता येई, पोर्टर मात्र होता येत नसे. का? तर पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचे कामही करावे लागे, आणि घरात विटाळ चालत नव्हता! म्हणजे प्रश्न नुसत्या पगाराचा नव्हता. कोणत्या छपराखाली कोणाला शिरता येते, हाही होता.

हे आठवण्याचे कारण आजचे आहे. जुन्या गिरण्या, गोदामे, शेड न पाडता दुरुस्त करायच्या आणि तिथे लहान उद्योजकांना टेबल, खुर्ची, वीज, इंटरनेट सामायिक भाड्याने द्यायचे, ही पद्धत जगभर रुजली आहे. त्यात पर्यावरणपूरक धंद्यांना पसंती. कल्पनेला आमचा विरोध नाही. उभी इमारत पाडली की पुन्हा सिमेंट, पुन्हा पोलाद, पुन्हा धूर. ते टळत असेल तर चांगलेच आहे.

पण मुंबईत काय झाले? गिरण्यांच्या विणाई खात्यात आमच्या माणसाला प्रवेश नव्हता, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक ठेवला. पुढे १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. १९९१ च्या नियमाने गिरणीच्या जमिनीत शहराच्या मोकळ्या जागेला आणि म्हाडाच्या घरांना वाटा ठेवला होता. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली. बांधकामाखालची जमीन अलगद सुटली! २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल कायम ठेवला. कमला मिलमध्ये आधी कचेऱ्या आल्या, मग हॉटेले. २९ डिसेंबर २०१७ च्या आगीत तिथे १४ माणसे गेली. ज्यांच्या घामाने त्या भिंती उभ्या राहिल्या, त्यांची पोरे तिथे दारावर रखवाली करतात किंवा जेवणाचे डबे पोचवतात.

आणखी एक. भंगार वेचणे, चिंध्यांपासून वस्तू करणे, मेलेल्या जनावराचे कातडे कमावणे ही कामे मनुवादी व्यवस्थेने आमच्या माथी मारली, तेव्हा त्यांना कोणी पर्यावरणपूरक म्हटले नाही. आता तेच काम वातानुकूलित खोलीत बसून केले की उद्योजकता!

आता मनमाडकडे या. इथे मीटरगेज आणि ब्रॉडगेज भेटत होते, तेव्हा एका गाडीचा माल दुसऱ्या गाडीत हमालांच्या पाठीवरून जाई. गेज बदलले आणि ते काम संपले. अन्न महामंडळाची कोठारे आणि रेल्वेचा कारखाना अजून आहेत. २०२४ मध्ये ३०९ किलोमीटरच्या मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाला केंद्राची मंजुरी मिळाली. म्हणजे इथल्या जागेला उद्या भाव येणार आणि पडीक शेडवर कोणाची तरी नजर जाणारच.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. केंद्र सरकारच्या २०१२ च्या धोरणानुसार सरकारी खाती आणि उपक्रमांनी आपल्या खरेदीतील ४ टक्के माल अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून घ्यायचा असतो. मालात वाटा मान्य, मग जागेत का नाही? सरकारी मालकीची जुनी शेड भाड्याने निघेल तेव्हा तिथल्या टेबलांतला वाटा करारातच लिहिला पाहिजे. परवडणाऱ्या भाड्याने, आणि अनामत रकमेच्या अटीशिवाय. नाहीतर अनामत हाच नवा विटाळ ठरेल.

मनमाड, नांदगाव, येवला भागातल्या कोणत्या शेड रिकाम्या आहेत, कोणाच्या मालकीच्या आहेत, याची यादी आमच्या तरुणांनी आत्ताच करावी. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.