ओळख गाडीची (भाग 6) : नव्वदच्या पुढे स्टिअरिंग का थरथरतं?

गेल्या भागात ब्रेकच्या आवाजांबद्दल लिहिलं होतं. आज थरथरीबद्दल.

ऑकलंडच्या सिल्व्हिया पार्क मॉलमधली खरेदी उरकून तुम्ही माउंट वेलिंग्टनहून सदर्न मोटरवेवर चढता. आतल्या रस्त्यांवर 50 च्या वेगात गाडी गुणी असते. रॅम्प संपून काटा 90 च्या पुढे गेला, की स्टिअरिंग हातात थरथरायला लागतं. कुणाला सांगितलं तर उत्तर ठरलेलं असतं : “अलाइनमेंट करून घ्या.” हा सल्ला बहुतेक वेळा पैसे वाया घालवतो. अलाइनमेंट बिघडली की गाडी एका बाजूला ओढते, टायर एकाच कडेने झिजतात. थरथरीचं मूळ सहसा दुसरीकडे असतं. ते सापडेपर्यंत एकही पार्ट बदलू नका, एवढंच माझं आग्रहाचं सांगणं आहे.

सर्वांत आधी व्हील बॅलन्सिंगचा संशय घ्यावा. रिमच्या कडेला ठोकलेले किंवा चिकटवलेले वजनाचे छोटे तुकडे तुम्ही पाहिले असतील. त्यातला 30 ग्रॅमचा एक तुकडा गळून पडला असं धरा. 195/65 आर 15 मापाचा टायर एका फेरीत जवळपास 2 मीटर पुढे जातो, म्हणजे ताशी 100 किलोमीटरला चाक सेकंदाला 14 फेऱ्या मारतं. त्या वेगात हा 30 ग्रॅमचा फरक चाकाला सुमारे साडेचार किलो वजनाएवढ्या जोराने ओढतो, तोही सेकंदाला 14 वेळा. 50 च्या वेगात हाच जोर चौथा हिस्सा उरतो, म्हणून गावात काही जाणवत नाही. दुसरं कारणही आहे. सस्पेन्शनवर टांगलेलं चाक स्वतःच साधारण सेकंदाला 10 ते 15 वेळा हलण्याच्या बेताचं असतं. झोक्याला नेमक्या वेळी धक्का बसावा तसं या वेगात होतं. त्यामुळेच काही गाड्यांत 110 च्या आसपास थरथर पुन्हा कमी होते. पण वेगमर्यादा ओलांडून ते तपासायला जाऊ नका.

आता थरथर कुठे जाणवते ते पाहा. स्टिअरिंगमध्ये असेल तर बहुधा पुढची चाकं, सीटमध्ये आणि पायाखाली असेल तर मागची. खात्री करायची असेल तर एकाच बाजूचं पुढचं चाक मागे आणि मागचं पुढे लावा. थरथर हातातून सीटमध्ये गेली, तर दोष त्या चाकातच आहे. मागेपुढे टायरचं माप एकच हवं, गाडी सपाट जागी हवी, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये.

बाकीच्या खुणा थोडक्यात. फक्त ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग हललं, तर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही. मिलिमीटरच्या काही शतांशांचा फरकही पुरतो. वेग वाढवताना थरथर आणि ॲक्सिलरेटर सोडताच गायब, तर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट पाहा. उभ्या गाडीत, इंजिन चालू असताना थरथर असेल तर चाकांना दोष देऊ नका, इंजिनचे माउंटिंग तपासा. 30-40 च्या वेगातच गाडी डुलत असेल, तर टायरच्या आतले पट्टे सुटले असण्याची शक्यता आहे. टायरवर हात फिरवा, उंचवटा लागेल. असा टायर मोटरवेवर नेऊ नका, स्टेपनी लावा.

जपानहून आलेल्या जुन्या गाड्या इथे घरोघरी आहेत, त्यांच्याकडे दोन गोष्टी आवर्जून बघा. एक, टायरच्या कडेवरचा चार आकडी शिक्का : 3517 म्हणजे 2017 सालचा 35वा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी म्हातारा आणि महिनोन्‌महिने एका जागी उभा राहिलेला टायर गोल राहत नाही. दुसरी गोष्ट, आधीच्या मालकाने हौसेने बसवलेले अलॉय. टोयोटाच्या बऱ्याच लहान गाड्यांचा हब 54.1 मिलिमीटरचा, आणि बाजारातल्या अलॉयचं मधलं भोक अनेकदा 73.1 चं. मधली फट भरणारी रिंग नसेल तर चाक नेमकं मध्यावर बसत नाही. मग कितीही वेळा बॅलन्सिंग केलं तरी थरथर तशीच. मशीनवर चाक बरोबर असतं आणि गाडीवर चूक, त्यामुळे मेकॅनिकही चक्रावतो.

वॉरंट ऑफ फिटनेस, म्हणजे गाडीच्या सक्तीच्या तपासणीचा दाखला, मिळालं म्हणून निर्धास्त राहू नका. त्यात टायरची नक्षी किमान 1.5 मिलिमीटर खोल आहे का, बेअरिंग ढिलं आहे का हे पाहतात. बॅलन्सिंग पाहत नाहीत.

टायरच्या दुकानात गेलात की नुसतं “बॅलन्सिंग करा” म्हणू नका. किती वेगात, हातात की सीटमध्ये, ब्रेकवर की ब्रेकशिवाय, आणि कधीपासून, हे कागदावर लिहून न्या. चाक काढून लावलं असेल तर 50 ते 100 किलोमीटरनंतर नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासून घ्या. आणि आधी कसलंच काम झालेलं नसताना थरथर अचानक सुरू झाली, तर सुरक्षित जागी थांबून सगळ्यांत आधी नटच पाहा.

पुढच्या आठवड्यात : बेअरिंगची घरघर.