भिंतींना घाम फुटतो तेव्हा

गेल्या संक्रांतीला हळदीकुंकवासाठी बचत गटातल्या एका मैत्रिणीकडे गेले होते. परभणीतलंच नवं घर, दिवाळीला दिलेला गुलाबी रंग. पण पलंगामागच्या कोपऱ्यात काळे ठिपके उठलेले आणि खिडकीच्या चौकटीत पाणी साचलेलं. सासूबाई लगेच म्हणाल्या, "सूनबाईला झाडायला वेळच कुठंय!" ती बिचारी गप्प. आत पाच वर्षांची नात खोकत होती. तिला दम्याचा पंप सुरू झालेला.

मला राहवलं नाही. म्हटलं, "मावशी, हा झाडूचा दोष नाही. हे पाणी घरातल्याच हवेतलं आहे."

गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो, तो काही गळत नसतो. हवेतली वाफ गार धातूवर जमते. थंडीत काचेचं आणि भिंतीचं तसंच होतं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री कडाक्याची थंडी, म्हणून दारं-खिडक्या गच्च बंद. आत चौघांचे श्वास. ती वाफ गार काचेवर आणि बाहेरच्या भिंतीवर बसते. कपाटामागे हवा फिरत नाही, तिथं बुरशी धरते.

एवढी वाफ येते कुठून? मैत्रिणींनो, 1 किलो गॅस जळला की दीड लिटरहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत जातं. म्हणजे 14.2 किलोच्या एका टाकीमागे साधारण 22 लिटर! शिवाय भाताची वाफ, आंघोळीचं गरम पाणी आणि पावसाळ्यात घरात दोरीवर वाळणारे कपडे वेगळेच.

जुन्या माळवदाच्या घराला साणं असायचं, धूर आणि वाफ वरून निघून जायची. मातीची भिंत ओल प्यायची आणि सोडायची. माळवद गळायचं, धुरानं डोळे चुरचुरायचे हेही खरं. पण आता स्लॅब, सिमेंट, ऑइल पेंट, आणि धूळ येते म्हणून कायम बंद असलेल्या सरकत्या खिडक्या. वाफेनं जायचं कुठून?

आणि हा नुसता रंग खराब होण्याचा प्रश्न नाही. घरातली ओल आणि बुरशी यांमुळे खोकला, धाप, दमा वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2009 सालीच सांगितलं आहे. त्यातही सोसावं लागतं ते लहान लेकरांना.

आधी ओल कुठली ते ओळखा. भिंतीचा तो भाग फडक्यानं कोरडा करा, त्यावर वीतभर प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा. दोन दिवसांनी पाहा. पाणी वरच्या बाजूनं दिसलं तर घरातली वाफ. कागदाच्या आतून दिसलं तर ओल भिंतीतूनच येतेय. आपली काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते, त्यानं भिंतींना तडे जातात. अशा वेळी तडे, गच्चीचा उतार, नळाची गळती आधी दुरुस्त करा. ओल्या भिंतीवर रंग देणं म्हणजे पैसे पाण्यात.

वाफेवरचे उपाय मात्र आपल्याच हातात आहेत. सकाळी दहा-पंधरा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघडा. भांड्यावर झाकण ठेवा, जमलं तर स्वयंपाकघरात एक्झॉस्ट पंखा लावा. कपडे झोपायच्या खोलीत वाळवू नका. कपाट-पलंग भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. उन्हाळ्यात कूलर लावाल तेव्हा हवा बाहेर जायला एक खिडकी उघडी ठेवाच. बुरशी पुसताना नाकाला पदर बांधा, साबणाच्या पाण्यानं पुसा, जागा कोरडी करा आणि लेकरांना लांब ठेवा. आणि हो, बुरशी धरलेले शेंगदाणे निवडून वापरू नका, टाकूनच द्या. ते विषारी असू शकतात.

यंदा संक्रांतीला पुन्हा त्या घरी गेले. कपाट पुढे सरकलेलं, कोपरा कोरडा. नातीचं औषध डॉक्टरांच्या सांगण्यानुसार चालूच आहे, पण रात्रीचा खोकला कमी झालाय म्हणे. वाण देता देता मावशी म्हणाल्या, "सकाळी खिडक्या मीच उघडते आता. उगीच बोलले होते बघा सुनेला."

सून हसली. मला तेच खरं वाण वाटलं.