नांगराच्या कारखान्यातलं मासिक

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला खरा, पण तो घ्यायला कुणी पुढे येईना. लोखंड लागलं की जमिनीत विष भिनतं, अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली म्हणतात. माल उत्तम असूनही पडून राहतो आणि अडचण मालात नसते, गिऱ्हाइकाच्या मनात असते, हे या घराण्याला असं फार लवकर कळलं. पुढे मराठी मासिकांच्या इतिहासात जे घडलं, त्याचं मूळ या न खपलेल्या नांगरांत शोधायला हरकत नाही.

1910 साली औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना उभा राहिला आणि त्याभोवतीची वस्ती किर्लोस्करवाडी झाली. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जागा दिली, भांडवलालाही हात दिला. नांगर, कडबा कापायची यंत्रं असा माल तयार होऊ लागला. तो विकायचा तर लोकांपर्यंत पोचायला हवं, आणि ते काम आलं लक्ष्मणरावांच्या पुतण्याकडे, शंकर वासुदेव किर्लोस्करांकडे. वाचक पुढे त्यांना 'शंवाकि' म्हणून ओळखू लागले.

शंवाकि मुळात चित्रकार. लाहोरला पंडित सातवळेकरांच्या हाताखाली ते रंगरेषा शिकले. काका लक्ष्मणरावही एके काळी चित्रकलाच शिकायला मुंबईला गेले होते, पण रंगांतले भेद नीट ओळखू येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी कुंचला ठेवला आणि यंत्राच्या आराखड्यांकडे वळले. काकाच्या हातून सुटलेला कुंचला पुतण्यानं कारखान्याच्या जाहिरातीसाठी उचलला, असं म्हणायला मोह होतो. निदान एवढं खरं, की जाहिरात खात्यात चित्रकार बसवलेला कारखाना त्या काळात विरळाच.

1920 साली 'किर्लोस्कर खबर' निघाली. नावाप्रमाणेच ती कारखान्याची बातमीपत्रिका होती: आमचा माल, त्याचे उपयोग, आमची वाडी. जगात हा प्रकार नवा नव्हता. अमेरिकेत जॉन डिअर या नांगर बनवणाऱ्याच कंपनीनं 1895 पासून शेतकऱ्यांसाठी 'द फरो' हे नियतकालिक चालवलं होतं. फ्रान्सच्या मिशलिननं 1900 साली टायर खपावेत म्हणून प्रवाशांसाठी मार्गदर्शिका काढली आणि पुढे त्याच पुस्तिकेच्या ताऱ्यांवर हॉटेलांची प्रतिष्ठा ठरू लागली. अशा प्रकाशनांचं गणित एकच असतं. माल मागे ठेवायचा आणि वाचकाच्या कामाची गोष्ट पुढे करायची. ऐकायला सोपं आहे, पण पदरचे पैसे घालणाऱ्या मालकाला ते पटवणं महाकठीण. दर पानावर आपल्या मालाचं नाव दिसलं नाही तर छपाईचा खर्च वाया गेला, असं वाटणारे मालक आजही कमी नाहीत.

वाडीत ते पटलं. 'खबर'मधली कारखान्याची खबर आकसत गेली आणि वाचकाचं जग वाढत गेलं. उद्योग, शेती, आरोग्य, प्रवास, कथा, विनोद असं एकेक दालन उघडलं. 1929 मध्ये नावातलं 'खबर' गळलं आणि नुसतं 'किर्लोस्कर' उरलं. म्हणजे कारखान्याचं नाव मासिकाला लागलं, पण मासिक कारखान्याचं राहिलं नाही. ज्यानं आयुष्यात कधी नांगर विकत घ्यायचा नव्हता, अशा मुंबई-पुण्याच्या कारकुनाच्या घरातही ते नाव दर महिन्याला टपालानं जाऊन पडू लागलं. यापेक्षा मोठी जाहिरात कोणती करायची?

त्यासोबत वाडीचंही नाव झालं. आडमाळावरची एक कामगारवस्ती मराठी सुशिक्षितांच्या तोंडी बसली. आजच्या वाचकाला जालना जिल्ह्यातली अंतरवाली सराटी आठवेल. 29 ऑगस्ट 2023 ला तिथं मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झालं आणि अंबड तालुक्यातलं हे छोटं गाव पंधरवड्याच्या आत राज्यभर माहीत झालं. गावाचं नाव हीच तिथं ओळखीची मुद्रा बनली, अगदी व्यापारात 'ब्रँड' म्हणतात तशी. फरक वेगाचा आहे. अंतरवालीचं नाव टीव्ही आणि मोबाइलनं नेलं, तर वाडीचं नाव पोस्टमननं महिन्यातून एकदा, अनेक वर्षं नेलं. आणि वाडीच्या बाबतीत ते ठरवून, आखून झालेलं काम होतं.

आखणी दिसते ती रूपात. त्या काळात रंगीत मुखपृष्ठ म्हणजे खर्चाचं आणि चिकाटीचं काम. मूळ चित्रातून प्रत्येक रंगाचा वेगळा ब्लॉक करायचा आणि तोच कागद प्रत्येक रंगासाठी पुन्हा यंत्रावर चढवायचा. कागद केसभर सरकला तरी लाल रंग ओठांबाहेर जायचा आणि मुखपृष्ठावरची बाई पान खाऊन बसल्यासारखी दिसायची. आतला मजकूर खिळा खिळा जुळवून उभा राहायचा, आणि देवनागरीत काना, मात्रा, जोडाक्षरं धरून खिळ्यांचे शेकडो प्रकार लागायचे. हे सगळं शहरापासून दूर, कारखान्याच्या आवारातल्या छापखान्यात करायचं. पण यंत्र सांभाळणारी माणसं तिथं घरचीच होती, याचाही उपयोग झाला असणार.

ग. ना. जाधवांसारखा चित्रकार पुढे या छापखान्यात रुजू झाला. त्यांची मुखपृष्ठं पाहिली की एक गोष्ट लगेच लक्षात येते. त्यातली माणसं ओळखीची वाटतात. कामातली बाई, खेड्यातला चेहरा, ऊन पडलेलं अंगण. पुराणातल्या देवता आणि नटव्या सुंदऱ्या मुखपृष्ठावर मिरवायच्या त्या काळात, साध्या चेहऱ्यावर विसंबणं धाडसाचं होतं.

शंवाकि स्वतःही हात आखडून बसले नाहीत. 'टाकाच्या फेकी' ही त्यांची व्यंगचित्रमाला म्हणजे मासिकाचा खट्याळ चेहरा. टाक शाईत बुडवायचा आणि बुवाबाजी, भोळसट रूढी, सोवळेपणाचा देखावा यांच्यावर शिंतोडे उडवायचे. जो मजकूर दोन पानांच्या लेखात कुणी वाचला नसता, तो चार रेघांत घराघरात पोचला. भक्तिभावानं मासिक घेणारे काही वाचक यानं दुखावले असतीलच. पण गिऱ्हाईक दुखावेल म्हणून गप्प बसायचं नाही, हे धोरण ठेवलं. रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंधही इथेच आले. नांगर विकायला निघालेल्या मासिकानं शेतकऱ्याच्या श्रद्धांनाच हात घालावा, हे व्यापाराच्या पुस्तकात बसत नाही. शंवाकिंनी 'व्यापाराचे व्याकरण' नावाचं पुस्तकच लिहिलं, तरीही हे त्यांनी केलं, म्हणून ते विशेष. आणि लोखंडानं जमीन विषारी होते ही समजूत ज्या घराला भोवली होती, त्या घराला बुद्धिवाद परवडण्यापलीकडे गरजेचाच वाटला असेल.

वाचकांचे गट पाडून त्यांच्यासाठी वेगळं काढायचं, हे आज विक्रीशास्त्रात शिकवतात. वाडीनं ते 1930 मध्ये केलं. त्या वर्षी 'स्त्री' निघालं आणि 1934 मध्ये तरुणांसाठी 'मनोहर'. एका छापखान्यातून तीन मासिकं, तिन्हींचा स्वभाव निराळा. 'स्त्री'मध्ये स्वयंपाक आणि विणकाम होतं, पण बालविवाह, हुंडा, घटस्फोट यांवर चर्चाही झाली. बायकांचं मासिक म्हणजे पाककृती आणि व्रतवैकल्यं हे समीकरण त्यानं मोडलं. तिघांमध्ये 'स्त्री' सर्वांत पुढचं, असं मत इथं नोंदवायला हवं. 'किर्लोस्कर'नं वाचक कमावला. 'स्त्री'नं वाचकाला बदललं, बदललेल्या वाचकाची पत्रं छापली आणि त्या पत्रांमुळे पुन्हा स्वतः बदललं.

पुढच्या काळात मासिकांचा संसार पुण्यात आला. शंवाकिंचे चिरंजीव मुकुंदराव किर्लोस्कर आणि शांताबाई किर्लोस्कर यांनी तो चालवला. शांताबाईंनी या वाटचालीचा इतिहासही लिहून ठेवला आहे. शंवाकि 1975 साली गेले. त्यांचं आत्मचरित्र 'शंवाकीय' त्याआधीच आलं होतं. आत्मचरित्राच्या नावातही स्वतःच्या आद्याक्षरांचा असा खेळ करणारा माणूस शेवटपर्यंत जाहिरातकारच होता.

मग टीव्ही आला, साप्ताहिकं आणि रविवारच्या पुरवण्या रंगीत झाल्या, कागद महागला. मासिकाला महिनाभर वाट पाहणारा वाचक उरेना. 'स्त्री'च्या संपादक विद्या बाळ 1986 मध्ये तिथून बाहेर पडल्या आणि 1989 मध्ये त्यांनी 'मिळून साऱ्याजणी' सुरू केलं. वाडीचा कारखाना पंप बनवत राहिला, मासिकांचं वैभव मात्र ओसरलं.

जुन्या घरांच्या माळ्यावर 'किर्लोस्कर', 'स्त्री', 'मनोहर'चे बांधीव अंक अजून निघतात आणि बहुतेक वेळा किलोवर जातात. तसे अंक कुणाकडे असतील तर ते रद्दीवाल्याला देण्याआधी जवळच्या जुन्या ग्रंथालयात एकदा विचारावं. निदान मुखपृष्ठं फाडून टाकू नयेत. मजकूर पुस्तकांत तरी सापडतो, ती चित्रं दुसरीकडे कुठेच सापडत नाहीत.